१५३ पौंडांची रेकॉर्ड

लंडन

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

पैशांअभावी तुमच्या बँडचं रेकॉर्डिंग अडलंय असं ताईने कळवलं, म्हणून इथल्या एका बँडचा हिशोब पाठवतो.

नाव डेस्परेट बायसिकल्स. मार्च १९७७ मध्ये ही मंडळी जमली तीच मुळी स्वतःची रेकॉर्ड काढायला. डॉल्स्टन भागातला स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला, जेमतेम सरावावर 'स्मोकस्क्रीन' आणि 'हँडलबार्स' ध्वनिमुद्रित केली आणि 'रिफिल' ही स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढून सात इंची रेकॉर्ड बाजारात आणली. एकूण खर्च १५३ पौंड. त्याच वर्षी जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनेही स्वतःच रेकॉर्ड काढली होती, पण तिला सुमारे ५०० पौंड उसने घ्यावे लागले होते.

डेस्परेट बायसिकल्सच्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी आहेत. गाणी आधी लॅकरचा, म्हणजे एका रोगणाचा, थर दिलेल्या तबकडीवर कोरतात, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून साचे काढतात आणि त्या साच्यांत प्लास्टिक दाबतात. कोरणं आणि साचे यांचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच, हजारांनाही तेवढाच. बाजू सारख्या असल्या की कोरणं एकदाच पुरतं. थोड्या प्रती काढणाऱ्याला ही बचत फार मोठी.

तीन महिन्यांनी ते पुन्हा स्टुडिओत गेले. त्या दुसऱ्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांनी १५३ चा आकडाच छापला, आणि तुम्ही अजून तुमची रेकॉर्ड का काढली नाहीत, असं ऐकणाऱ्यालाच विचारलं. मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने त्याच्या पुढे जाऊन वेष्टनावर अख्खं बिलच मांडलं: चौदा तासांच्या रेकॉर्डिंगचे ९८ पौंड, रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलांसाठी रबरी शिक्क्याचे ८ पौंड. छापील लेबलांऐवजी शिक्का!

आता तुमचं. तुम्हीही तीनच तास घेतलेत तर त्यातला पहिला तास माइक लावण्यात आणि ड्रमचा आवाज जुळवण्यात जातो, तेव्हा चाल, वेग, शेवट सगळं घरीच पक्कं करून जा. वाद्यं एकत्र वाजवा, गायन नंतर घ्या.

पुढे रेकॉर्ड काढलीत तर बासचा (खालच्या, जाड सुरांचा) आवाज डाव्या-उजव्या स्पीकरच्या मध्यभागी ठेवा. तो एकाच स्पीकरकडे सरकवला तर खाचेची खोली कमीजास्त होते आणि सुई उडते. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाला एका बाजूवर चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त भरलंत, तर खाचा बारीक कराव्या लागतात आणि आवाज दबतो. रेकॉर्डच्या केंद्राजवळ, म्हणजे बाजूच्या शेवटी, 'स', 'श' फाटतात, म्हणून शांत गाणं दुसरं ठेवा. आणि कागदी लेबलं छापखान्यातून थेट दाबायला देऊ नका. आधी भट्टीत पूर्ण सुकवावी लागतात, नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फोड येतात.

तिथल्या स्टुडिओचा तासाचा दर आणि गाण्यांची लांबी कळव, मी खर्चाचा तक्ता करून देतो. ताई-भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा