पूरमदतीच्या इंटर्नशिपचे तास मेपासून मोजा

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार ‘ओजेटी’ म्हणजे कामावरचे प्रशिक्षण अभ्यासक्रमात आले आहे. चार श्रेयांकांसाठी साधारण १२० तास. हे तास पूरमदतीच्या संस्थेत भरायला विद्यार्थी येतात ते पाणी घरात शिरल्यावर, आणि त्या आठवड्यात शिकवायला कोणालाच सवड नसते. म्हणून महाविद्यालयांना आमची विनंती आहे: ३० तास मे महिन्यात, ४० पुराच्या काळात आणि उरलेले ५० पाणी ओसरल्यानंतर द्या.

मेमध्ये शिकायचे ते गोदामात. पोती भिंतीपासून फूटभर लांब आणि फळ्यांवर रचायची. जमिनीवर ठेवली तर खालच्या थराला ओल धरते. फिनेल आणि टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) धान्यापासून वेगळ्या खोलीत. पाच माणसांच्या किटमध्ये तांदूळ ५ किलो, कणीक ५ किलो, तूरडाळ, साखर आणि मीठ प्रत्येकी १ किलो, तेल १ लिटर, चहा २५० ग्रॅम, तिखट २०० ग्रॅम धरले, तर वजन सुमारे १४ किलो ३५० ग्रॅम भरते. भरणाऱ्यांच्या रांगेत शेवटचा माणूस काट्यावर हवा. घाईत एखादी पुडी राहतेच; प्रत्येक पिशवी उघडून बघण्यापेक्षा वजनावरून ते चटकन कळते. जुने कपडे मागवूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. भिजलेली गाठोडी दोन दिवसांत कुबट होतात आणि ती उपसायला माणसे शिध्याच्या कामावरून काढावी लागतात.

वाटपात भांडणे होतात ती बहुतेक यादीमुळे. चावडीत बसून केलेल्या यादीत शेतवस्ती, भाडेकरू, वीटभट्टीवरचे मजूर सुटतात, आणि एका छपराखालच्या दोन चुली एकच कुटुंब म्हणून लागतात. घरोघर जाऊन चुली मोजा. टोकन आदल्या दिवशी घरच्या बाईच्या हातात द्या; त्यावर अनुक्रमांक, शिक्का आणि वाटपाची वेळ असावी. रेशनकार्ड वाहून गेले म्हणून नाव गाळू नका, आशाताईंकडून खात्री करून घ्या. शिवाय रस्त्याकडेच्या गावात तीन-तीन ट्रक रिकामे होतात आणि आतल्या गावात एकही पोचत नाही. कोणत्या गावाला काय मिळाले, हे रोज संध्याकाळी तहसील कार्यालयात कळवले तर हे बरेच टळते.

विहिरीच्या शुद्धीकरणात विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हाताखालीच काम करावे. व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असेल, तर विहिरीत सुमारे ६३ हजार लिटर पाणी असते. हजार लिटरला अडीच ग्रॅम, या नेहमीच्या हिशेबाने १६० ग्रॅमच्या आत टीसीएल लागते. पुरानंतर हा हिशेब तोकडा पडतो, कारण गाळ आणि कुजलेला पाला क्लोरीन खाऊन टाकतो. आधी उपसा, गाळ काढा, मगच मात्रा ठरवा. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून दहा मिनिटे निवळू द्यायची आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडायची. तळाचा चुना नाही. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी. पाणी पिवळे झाले नाही तर मात्रा पुन्हा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण तोंड उघडे राहिलेल्या गोणीतली पावडर पावसाळी हवेत लवकर उतरते. टेस्ट पिवळी येत नाही याचे कारण अनेकदा तेच असते.

इंटर्नने बोटीत बसू नये, लाइफ जॅकेट असले तरी. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली, हे सांगली जिल्हा विसरलेला नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन निघण्याआधी घ्यावे, चिखलात गमबूट असावेत, आणि लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक गोळ्यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.

शेवटच्या ५० तासांबद्दल आमचा विशेष आग्रह आहे. किट वाटून गाड्या परत गेल्यावर लोक पंचनाम्यात सुटलेले नाव, भिजलेले पासबुक, हरवलेले रेशनकार्ड घेऊन तलाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलेले असतात. अर्ज नीट लिहून देणारा, त्याची पोच घेणारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चौकशीला जाणारा विद्यार्थी त्यांना तेव्हा हवा असतो. या कामाचे फोटो निघत नाहीत, म्हणून महाविद्यालये त्याची हजेरी धरायला कचरतात. अर्जांची नोंदवही आणि पोचपावत्यांच्या प्रती हाच पुरावा मानून ती धरावी.

— पूरमदतीच्या कामातील काही कार्यकर्ते, सांगली