व्हॅनमध्ये पलंग बसवण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हॅनमध्ये झोपायची सोय करून खान्देश फिरायचं तुम्ही ठरवलंत, याचा फार आनंद झाला. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा फॅब्रिकेटर आणि एक चांगला सुतार चाळीसगावातच मिळेल. बाबा, त्यांना एक गोष्ट मात्र ठाम सांगा: पत्रा कापायचा नाही, तळाला भोक पाडायचं नाही, सीट काढायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ बनावटीत मनाने बदल करता येत नाही, आणि आरसीवर पाच सीटं असतील तर पाचही गाडीत हवीत. शिवाय तळाखालून ब्रेकच्या नळ्या जातात. जे काही कराल ते सामानासारखं उचलून बाहेर काढता आलं पाहिजे.

पलंगाची फ्रेम एक इंची चौकोनी पाइपची, 16 गेज जाडीची, दर दोन फुटांवर आडवा पाइप. मागच्या सीटची पाठ पाडून तिच्यावरून ती जाईल. जोडाला एम-8 चे (8 एमएम जाड) बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले. साधे नट खडखडाटाने सैल होतात. फ्रेम गाडीतल्या मूळ हुकांना रॅचेट पट्ट्यांनी (खटक्याने ताणून बसतात त्या) आवळा. वर 12 एमएमचं 710 ग्रेडचं, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड, तीन तुकड्यांत. सहा बाय चारचा अखंड फळा वीस किलोच्या आसपास भरतो, तो तुम्ही उचलायचा नाही. उंची ठरवण्याआधी आईला ताठ बसवून बैठकीपासून डोक्यापर्यंत माप घ्या, त्यात गादीचे तीन इंच मिळवा. छत त्याहून खाली येत असेल तर फ्रेम ठेंगणी करा. रोज रात्री मान वाकवून बसायला लागलं तर आई दुसऱ्यांदा येणार नाही. दाराशी एक सुटी पायरीही हवीच, तिच्या गुडघ्यांसाठी.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाचा. छताच्या अस्तराआड 10 एमएम नायट्राइल फोम लावा, एसीच्या डक्टला लावतात तो. थर्माकोल नको, तो गाडीच्या हादऱ्यांनी भुरभुरतो. काचांचे चंदेरी पडदे बाहेरून लावायचे; ऊन काचेतून आत आल्यावर अडवून फारसा उपयोग होत नाही. झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी.

वीज बारा व्होल्टचीच ठेवा. 100 एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण 1280 वॅट-तास. पंधरा वॅटचे दोन पंखे नऊ तास चालले तर 270 जातात. दिवे आणि मोबाइल धरले तरी तीन रात्री निघतात. चार्जिंग 20 अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमधूनच; तो गाडीच्या बॅटरीकडून ठरावीक करंट घेऊन ही बॅटरी भरतो. गाडीच्या बॅटरीला थेट जोडली तर लिथियम बॅटरी ओढता येईल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, तापतो. तार 10 स्क्वेअर एमएमची घ्या. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाशीच हवा. तो लांब बसवला तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवायला काहीच नसतं. तारेच्या टोकाला धातूचे लग क्रिम्प करून (दाबून) घ्या, तारा पिळून टेप गुंडाळू देऊ नका. बहुतेक लिथियम बॅटऱ्या 45 अंशांपुढे चार्ज करायच्या नसतात. मे महिन्यात बंद गाडीत तेवढं सहज होतं, म्हणून चैत्र-वैशाखात व्हॅन घरीच बरी.

स्वयंपाक गाडीबाहेर, आत शेगडी अजिबात नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. पाण्याला वीस लिटरचा नळाचा कॅन पुरे.

सुरुवात पाटणादेवीपासून करा, पण मुक्काम जंगलाबाहेर. तो भाग गौताळा अभयारण्यात येतो. मग एरंडोलजवळचं पद्मालय, पुढे चोपड्याकडे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे (आईसाठी खास), तापी-पूर्णा संगमावरचं चांगदेव. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला दत्तजयंतीच्या आदल्या सकाळीच पोचा, नंतर गाडी लावायला जागा सापडत नाही. पावसानंतर काळ्या रानात गाडी कधीही उतरवू नका. वरून सुकलेली दिसली तरी माती खाली ओली असते, चाक फिरवाल तितकं रुतत जातं. मुरूम किंवा डांबर बघूनच थांबा.

तोरणमाळ शेवटी ठेवा, फ्रेमचे सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळून झाल्यावर. तिथे डिसेंबरात कडाक्याची थंडी असते, दोन रजया न्या. बाबा, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ब्रेक तापून लागेनासे होतात.

आईच्या बैठकीचं माप आणि मागच्या दाराची रुंदी कळवा, म्हणजे फॅब्रिकेटरसाठी चित्र काढून पाठवते.

तुमची,
लेक