काकांच्या बुलेटची टिकटिक

खानापूर

प्रिय दोस्ता,

काकांची बुलेट, ती क्लासिक ३५०, टिकटिक करते म्हणून विकून टाकतो म्हणालास, ते मला लागलं. इंजिनचं काम काढावं लागेल असं तुला कुणा मेकॅनिकनं सांगितलं, तेही फोनवरनं, गाडी न बघता! म्हणून रविवारी मीच ती पडवीतनं बाहेर काढली.

जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाच्या बुलेटचे टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का पुशरॉड नावाच्या दांडीतनं व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे तुकडे, पान्यानं सेट करायचे. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. काकांच्या गाडीत नंतरचं यूसीई, म्हणजे गिअरबॉक्ससकट एकाच खोक्यातलं इंजिन आहे. त्यात ते सेटिंगच नाही, टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या जोरावर चालणारे आहेत. आत बारीक प्लंजर (दट्ट्या) असतो, त्याच्याखाली ऑइल भरतं, छोटी गोळी ते अडवून धरते आणि गॅप आपोआप मिटतो. ऑइल निथळलं किंवा गोळीखाली कचरा अडकला की प्लंजर खाली बसतो, गॅप राहतो. मग टिकटिक.

तुमची गाडी जूनपासून चार महिने उभी. इथला पाऊस तुला काय सांगायचा! स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून, मूठ कानाला लावून ऐकलं. आवाज वरचाच, रेस दिली की भरभर होणारा. खालनं ठोका आला असता तर मात्र मी घाबरलो असतो.

इंजिन गरम करून ऑइल काढलं, डांबरासारखं काळं. फिल्टर बदलला, ऑइलची जाळी धुतली, नवं १५डब्ल्यू-५० ऑइल भरलं आणि जांबोटीपर्यंत सावकाश नेली. परतताना आवाज गेला होता. सकाळी सुरू करताना मात्र क्षणभर अजून येतो.

तो वाढला तर दिवाळीत आपण दोघं खोलू. हेड-ब्लॉक उतरवून टॅपेट काढायचे, डिझेलनं धुवायचे, ऑइलमध्ये बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत दाबायचे. ज्याचा त्याच्याच जागी, अदलाबदल अजिबात नाही. भरल्यावर अंगठ्यानं सहज दबला तर हवा राहिली समज. जोडल्याजोडल्या सेल्फ मारायचा नाही. टम्म भरलेला टॅपेट व्हॉल्व्ह उघडा धरतो, म्हणून टॅपेट थोडा वेळ दबून खाली बसू द्यायचा, मग प्लग काढून इंजिन हातानं हळू फिरवायचं. ही घाई मी एकदा दुसऱ्याच्या गाडीवर होताना बघितली आहे, पुशरॉड वाकला.

ह्याच गाडीवर काका आपल्याला असोग्याला न्यायचे, मलप्रभेत पोहायला. आठवतंय ना?

परवा गाडी अंगणात घेतली, तर नुसत्या आवाजानं काकू ओसरीवर आल्या. हातातली परात तशीच. काही बोलल्या नाहीत. विकायचीच असेल तर आधी त्यांना विचार.

तुझाच