गजरा काढून ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

मी ती डोंबिवली ईस्टची, मास्क लावून येणारी, हातात ही जाडजूड फाईल असलेली पेशंट. हे सगळं समोर बसून बोलायला गेले तर रडत बसेन आणि पुढच्या पेशंटची वेळ खाईन, म्हणून लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे कळण्याइतकी ओळख झालीये आता.

तुमच्याकडे यायच्या आधीचं थोडंसंच सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. फिनेल, अगरबत्ती, लिफ्टमध्ये कुणीतरी मारलेला डिओ, शेजारी चाललेलं रंगकाम, काहीही नाकात गेलं की घसा आवळायचा, खोकल्याची उबळ, छातीत धडधड, हातपाय गार. एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, आयजीई (अॅलर्जी असली की बरेचदा वाढतो तो) नॉर्मल आला, तर रिपोर्ट माझ्याकडे सरकवून म्हणाले तुम्हाला काहीही झालेलं नाही, मनाला लावून घेता तुम्ही. दुसऱ्यांनी मान वर न करता रात्रीची एक गोळी लिहून दिली, चालू ठेवा म्हणाले, कधीपर्यंत ते नाही सांगितलं. आणि घरचे काय बोलायचे, तर हिला देवाचा धूप चालत नाही पण चायनीजच्या गाडीवरचा धूर बरा चालतो!

म्हणून सायकियाट्रिस्टकडे जा म्हटल्यावर मला वाटलं चला, वेडी असल्याचा शिक्का बसला एकदाचा. कुणाशी न बोलता बसायचं आणि गोळ्या घेऊन यायचं असं ठरवूनच आले होते. तुमच्या केसात मोगऱ्याचा गजरा होता. मी खुर्चीत बसले आणि खोकायला लागले, पण तोंडातून शब्द काढला नाही, डॉक्टरला कसं सांगणार की बाई तुमच्या गजऱ्याचा त्रास होतोय. तुम्ही नाव विचारता विचारताच पिन काढलीत, गजरा पेपरात गुंडाळलात, मावशींना बोलावून बाहेर पाठवलात, खिडकी उघडलीत आणि म्हणालात, "हं, आता सांगा." एवढंच. खरंच त्रास होतो का, कशावरून, असं काही नाही, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव नाही. आधी त्रास बंद केलात, चौकशी नंतर. इतक्या वर्षांत माझ्यावर विश्वास ठेवायच्या आधी पुरावा न मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

मग कधीपासून विचारलंत आणि मी म्हटलं स्फोटापासून. 26 मे 2016 ला एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत तो स्फोट झाला तेव्हा आमच्या सगळ्या काचा फुटून घरभर झाल्या होत्या, आणि 23 मे 2024 ला परत तेच. बाहेरच्यांना डोंबिवली म्हटलं की 2014 चा हिरवा पाऊस आणि 2020 चा गुलाबी रस्ता आठवतो, मीम्स करून मोकळे होतात. इथे रात्री उग्र वास सुटला की आम्ही उठून खिडक्या लावतो आणि नुसता वास आहे की काही गळतंय याचा विचार करत पडून राहतो.

तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. वास झोंबतो तो खराच, नाकातल्या नसा चिडतात, पण ती अॅलर्जी नव्हे म्हणून आयजीईत दिसत नाही. आणि तो वास नि तो धमाका मेंदूनं एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेत, त्यामुळे वास आला की अंग पळायच्या तयारीला लागतं, श्वास भराभर चालतो, आणि दमा असेल तर त्या भराभर श्वासानंच छाती अजून आवळते. "दोन्ही खरंय, एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही," हे तुमचं वाक्य. मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी, म्हणजे थोड्याशा केमिकलनं, वासानंही त्रास होणं, याबद्दल मी नेटवरून वाचून आले होते, तेव्हाही हसला नाहीत. हे नाव 1987 पासून वापरात आहे, पण कोणता ते न सांगता केमिकल असलेली आणि नसलेली हवा दिली तर बऱ्याच पेशंटना फरक ओळखता येत नाही, म्हणून त्यांचा त्रास खोटा होत नाही, असं सरळ सांगितलंत. मला गोड बोलून फसवलं नाहीत याचंही थँक्यू. फुंकर मारायची टेस्ट करायला तुम्हीच पाठवलंत आणि दमा निघाला!! सायकियाट्रिस्टनं दमा शोधला, बोला आता.

आणि ती रात्रीची गोळी. मॉन्टेलुकास्ट, दमा-अॅलर्जीवर देतात ती. भयानक स्वप्नं पडायची, पोरावर उगाच खेकसायचे, रडू यायचं, सगळे म्हणायचे टेन्शन घेते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, मार्च 2020 मध्येच या गोळीवर झोप, मूड, आत्महत्येचे विचार याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय, आणि आपल्याकडे मेडिकलवाला सर्दीला अख्खी पट्टी हातात देतो. तुम्ही माझ्यासमोर छातीच्या डॉक्टरांना फोन लावून औषध बदलून घेतलंत. थोड्या दिवसांत स्वप्नं थांबली. (वाचणाऱ्यांनी आपल्या मनानं गोळी बंद करू नका हां, दमा असेल तर अंगाशी येईल, डॉक्टरला विचारा.)

चांगली माणसं नसतात असं नाही हो. आमच्या सोसायटीचा वॉचमन आता पेस्ट कंट्रोलवाले यायच्या आदल्या दिवशी बेल वाजवून सांगून जातो, त्याला तर कुणी काही शिकवलं नव्हतं. मग एवढं शिकलेल्यांना मान वर करून बघायला काय होतं, हे मला खरंच कळत नाही.

वास अजून येतात, त्रासही होतो, पण इन्हेलर आहे आणि तुम्ही शिकवलेला सावकाश श्वास आहे. लिफ्टनं जाते आता. सासूबाईंना सोबत आणा म्हणालात ते बेस्ट झालं. एक मच्छर कॉइल जळली की 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण निघतात हे तुमच्या तोंडून ऐकलं आणि त्याच रात्री त्यांनी कॉइलचा बॉक्स फेकून मच्छरदाणी लावली. धुपाचं मात्र अजून जमलेलं नाही, तो गॅलरीपर्यंत गेलाय फक्त. पुढच्या फॉलोअपला त्यांना परत आणते, धुपाचं तुम्हीच बघा.

तुमची,
जाड फाईलवाली