‘गरुड’ आणि त्याच्या शिवणी

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

आंद्रेच्या उत्तर ध्रुवाकडील बलूनसफरीविषयी मी इतकी वर्षे का वाचत आलो आहे, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. त्याचे उत्तर दोन ओळींत देणे मला जमले नसते.

सालोमन ऑगस्ट आंद्रे हा स्वीडनच्या पेटंट कार्यालयातील अभियंता. जहाजे अडकवणारा ध्रुवीय बर्फ हायड्रोजनच्या बलूनमधून ओलांडावा, ही त्याची कल्पना आल्फ्रेड नोबेल आणि राजा दुसरा ऑस्कर यांना इतकी पटली की दोघांनीही पैसे दिले. बलूनखाली लोंबणारे जड दोर बर्फावर घासत गेले म्हणजे त्याचा वेग वाऱ्यापेक्षा कमी होईल आणि शिडांच्या आधारे दिशा थोडी बदलता येईल, असा त्याचा हिशेब होता.

1896 मध्ये उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्पिट्सबर्गेन बेटालगतच्या डान्स्कोया बेटावर अनुकूल वारा मिळालाच नाही आणि मोहीम परत फिरली. त्या वेळी सोबत असलेल्या निल्स एकहोल्म या हवामानशास्त्रज्ञाने बलूनची तपासणी केली होती. रेशमाच्या शिवणींवरील सुईच्या असंख्य छिद्रांतून गॅस गळत होता, आणि ती गळती झाकण्यासाठी आंद्रे गुपचूप पुन्हा गॅस भरवत होता, हे त्याला पुढे कळले. त्याने माघार घेतली. श्रीधर, मला या सबंध कथेत सर्वांत धैर्याचा माणूस हाच वाटतो. सारा देश टाळ्या वाजवीत असताना ‘हे उडणार नाही’ असे म्हणणे सोपे नसते.

11 जुलै 1897 रोजी ‘ओर्नेन’, म्हणजे ‘गरुड’, हा बलून निघाला. आंद्रेबरोबर 24 वर्षांचा निल्स स्ट्रिंडबर्ग आणि 27 वर्षांचा क्नुट फ्रेंकेल होते. निघताच पाळणा पाण्याला टेकला, तिघांनी वाळूची पोती भराभर रिकामी केली आणि त्याच वेळी दोरांचे स्क्रूचे जोड पिळून सुटले; बहुतेक दोर मागेच राहिले. दिशा देण्याचे साधन पहिल्याच काही मिनिटांत गेले होते. पुढे धुक्याचा ओलावा गोठून बलून जड झाला आणि 14 जुलैला त्यांना बर्फावर उतरावे लागले.

त्यानंतरची पायपीट वाचताना माझे मन हलते. जड स्लेज ओढत ते फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहाच्या दिशेने चालत होते, आणि पायांखालचा बर्फच वाहत त्यांना भलतीकडे नेत होता. अखेर ऑक्टोबरमध्ये ते क्वितोया बेटावर पोहोचले आणि तेथेच संपले. 33 वर्षांनी, ऑगस्ट 1930 मध्ये, एका नॉर्वेजियन मोहिमेला त्यांचे काही अवशेष आणि रोजनिशी सापडली; कॅमेऱ्याच्या फिल्म पुढच्या महिन्यात तेथे गेलेल्या दुसऱ्या मोहिमेला मिळाल्या.

त्या फिल्ममधील एक छायाचित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बलून बर्फावर कलंडला आहे, आंद्रे आणि फ्रेंकेल त्याच्याजवळ उभे आहेत. स्ट्रिंडबर्ग अर्थातच त्यात दिसत नाही. त्याने काही पावले दूर जाऊन कॅमेरा लावला होता. याच दिवसांत तो आपल्या वाग्दत्त वधूसाठी, आन्नासाठी, लघुलिपीत पत्रे लिहीत होता. पुढच्या भेटीत ते छायाचित्र तुला दाखवीन.

तुझा,
वसंत