परदेशी उच्चशिक्षणाचे अर्ज आणि आपल्याकडची खिडकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी पदव्युत्तर शिक्षणाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा निवड झालेल्या विद्यार्थ्याचे अभिनंदन असते, नाहीतर एखाद्या दलालाने केलेल्या फसवणुकीची बातमी असते. या दोन टोकांमधल्या वर्षभरात अर्जदाराला कोणकोणत्या टेबलांवरून फिरावे लागते, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक या नात्याने मला असे ठामपणे वाटते की, आपल्या भागातील मुलांचे अर्ज इंग्रजीमुळे किंवा बुद्धीमुळे जितके अडतात, त्याहून अधिक ते आपल्याच संस्थांनी वेळेवर न दिलेल्या कागदांमुळे अडतात. आणि हा अडथळा काढण्यासाठी कोणत्याही परदेशी दूतावासाच्या परवानगीची गरज नाही.

मूळ अडचण वेळापत्रकाची आहे. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत पीएच.डी.साठीचे अर्ज डिसेंबरच्या सुमारास बंद होतात आणि आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्याने आपला होकार वा नकार १५ एप्रिलपर्यंत कळवावा, असा तेथील बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला संकेत आहे. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही सर्वसाधारण मुदत मानली जाते, तरी इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या कितीतरी अभ्यासक्रमांची मुदत त्याआधीच संपते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय अर्जदारांना आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून घेऊन ‘एपीएस’ प्रमाणपत्र मिळवावे लागते, त्यासाठीचा वेळ वेगळा धरावा लागतो. याचा अर्थ असा की, पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्याला सर्व कागद ऐन दिवाळीच्या आसपास हातात हवे असतात, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडील परीक्षा विभाग हिवाळी परीक्षांच्या धांदलीत असतो.

या कागदांतला सर्वांत अवघड कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. सर्व सत्रांचे विषय, श्रेयांक, गुण आणि गुणदानाची पद्धत एकत्र दाखवणारा हा तक्ता परीक्षा विभागाच्या सही-शिक्क्याने मिळतो आणि काही ठिकाणी तो विद्यापीठाने बंद पाकिटातून पाठवावा, अशी अट असते. पाकीट बंद करण्याचीही एक रीत आहे. झाकण चिकटवल्यावर त्या जोडावर अर्धी वर, अर्धी खाली येईल अशी अधिकाऱ्याची सही आणि त्यावर गोल शिक्का लागतो, म्हणजे पाकीट मधे कोणी उघडले तर लगेच कळते. माझ्या माहितीतील एका विद्यापीठात ही सही कोणी करायची, हेच ठरलेले नव्हते. लिपिक म्हणत, ‘साहेब करतील’. साहेब बैठकीला मुंबईला गेलेले. आणि किनवटहून पहाटेच्या एसटीने आलेला मुलगा संध्याकाळी तेच कोरे पाकीट घेऊन परत. तेथे ऑनलाइन अर्जाची सोय आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. मात्र ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रत काढून, चलन जोडून ती पुन्हा त्याच खिडकीवर द्यावी लागते.

अंतराचा प्रश्नही लहान नाही. १९५८ साली छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी या भागातील अनेक मुलांना उच्चशिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेव्हा लातूर, परभणी, हिंगोलीकडच्या मुलांची विद्यापीठाची वाट आणखी जवळ आली. पुढे २०१७ नंतर अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न झाली. त्यामागे शैक्षणिक कारणे असतील, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण एका शिक्क्यासाठी उदगीरच्या मुलाला कोकणात जावे लागू नये, एवढी व्यवस्था जिल्हा पातळीवर करता येण्यासारखी आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालापासून लागू आहे. एखादी सेवा त्याखाली अधिसूचित झाली की तिची मुदत ठरते, जबाबदार अधिकारी ठरतो आणि मुदत टळल्यास पहिले व दुसरे अपील करता येते. ट्रान्सक्रिप्ट, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि इंग्रजी माध्यमातून शिक्षण झाल्याचा दाखला या सेवा जेथे अद्याप अधिसूचित नसतील तेथे त्या कराव्यात, आणि जेथे आहेत तेथे त्यांची मुदत खिडकीवर ठळक लावावी. सोबत आणखी एक लहानशी सुधारणा व्हावी. जर्मन विद्यापीठे आपले गुण त्यांच्या श्रेणीत बदलताना कमाल गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण ही दोन्ही विचारतात. हे दोन आकडे आणि विद्यार्थ्याचा वर्गातील क्रम ट्रान्सक्रिप्टवरच छापला, तर कडक तपासणी करणाऱ्या विद्यापीठातले ६५ टक्के आणि सढळ हाताने गुण देणाऱ्या विद्यापीठातले ८५ टक्के यांत डावे-उजवे करताना परदेशी परीक्षकाला निदान काही आधार मिळेल.

नावाचा घोळ तर खास आपला. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर (पासपोर्टवर) आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेली दोन नावे एकत्र. पदवीवर तिसराच क्रम. परदेशी प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस, टोफेल वा जीआरई या परीक्षांची नोंदणी पारपत्रावरील नावाप्रमाणेच करावी लागते, आणि मग गुणपत्रकावरची व्यक्ती तीच आहे, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रांची रीघ लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या वाट्याला त्यात राजपत्रही येते. महाविद्यालयाने पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच पारपत्राप्रमाणे नाव नोंदवण्याचा पर्याय दिला, तर पुढची निम्मी धावपळ वाचेल.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायबंधूंविषयी. अमेरिकेतील विद्यापीठे साधारणतः तीन शिफारसपत्रे मागतात, अन्यत्र बहुधा दोन पुरतात. शिफारस करणाऱ्याला ई-मेलवर दुवा येतो, त्याने स्वतः लॉग-इन करून पत्र टाकायचे असते आणि बऱ्याचदा हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या पाच टक्क्यांत बसतो की दहा, हेही नोंदवायचे असते. आपल्याकडची सर्रास रीत अशी की, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थी इंटरनेटवरून एक पत्र उतरवतो, त्याच वर्गातले चारजण तेच पत्र उतरवतात आणि एकाच विभागातून एकाच वाक्यरचनेची चार पत्रे एकाच परदेशी विद्यापीठात पोहोचतात. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीचे असे पत्र पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि पत्र मोकळेपणाने लिहिले जावे म्हणून अर्जदार तो हक्क सोडल्याचे अर्जातच नोंदवतो. जे पत्र पाहण्याचा हक्क त्याने लेखी सोडला, तेच पत्र त्याच्याकडून लिहवून घेणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणे होय.

पत्र लिहिणे ही इंग्रजीची परीक्षा आहे, असा आपला समज असल्याने अनेकजण कचरतात. वास्तविक ‘विद्यार्थी हुशार, मेहनती व सद्वर्तनी आहे’ हे वाक्य कितीही उत्तम इंग्रजीत लिहिले तरी तो चारित्र्याचा दाखलाच राहतो. त्याऐवजी, गावातील विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड मोजताना एका दिवसाची वाचने जुळत नाहीत असे दिसल्यावर या मुलीने कोणी न सांगता द्रावण नव्याने तयार केले आणि सगळे नमुने पुन्हा तपासले, एवढे साध्या चार ओळींत लिहिले, तर प्रयोगशाळेत विद्यार्थी घेऊ पाहणाऱ्या प्राध्यापकाला हवे ते कळते. हे फक्त तिच्या शिक्षकालाच ठाऊक असते. कोणताही सल्लागार ते पैसे घेऊनही लिहू शकत नाही. महाविद्यालयांनी शिक्षकांना संस्थेच्या नावाचा ई-मेल पत्ता द्यावा, ही मागणीही येथेच नोंदवतो, कारण खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे बाहेर संशयाने पाहिले जाते. ज्या लातूरने बारावीच्या तयारीचा ‘पॅटर्न’ साऱ्या राज्याला दिला, त्या लातूरला पत्रलेखनाची एक दुपारची कार्यशाळा घेणे जड जाऊ नये.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत उशिराची किंमत सर्वाधिक असते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यांतील बहुतांश अनुसूचित जातींसाठी, तर उरलेल्या भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत; राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन्हीकडे विनाअट प्रवेशपत्र मागितले जाते. अंतिम वर्षातील मुलाला मात्र परदेशी विद्यापीठ सशर्त प्रवेश देते, ‘अंतिम निकाल सादर केल्यावर’ ही ती अट. उन्हाळी परीक्षेचा निकाल लांबला की अट पुरी होत नाही, अट पुरी नाही म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज अपुरा, आणि मुलाचा काहीही दोष नसताना वर्ष वाया. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यांनीच पुढे मिलिंद महाविद्यालय या भूमीत उभे केले. त्यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या या भागात शिष्यवृत्तीच्या अर्जदारांचे निकाल व गुणपत्रके प्राधान्याने देण्याचे परिपत्रक काढणे अवघड नाही.

ज्यांना शिष्यवृत्ती नाही त्यांना कर्ज लागते, आणि येथे आपल्या भागाची खरी कोंडी होते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते. परदेशी शिक्षणाचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. जर्मनीच्या सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क बहुतेक ठिकाणी नसले तरी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो विशेष खात्यात आधी अडकवून ठेवावे लागतात, हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा. आता मराठवाड्यातील मध्यम शेतकऱ्याची मालमत्ता म्हणजे सातबारा. परंतु थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना तारण जप्त करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर बँकेला जप्तीची कारवाई करता येत नसल्याने शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून बहुधा घेतलीच जात नाही. दहा एकर बागायत असलेला बाप बँकेच्या लेखी रिकाम्या हाताचा ठरतो, आणि शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट असलेला नोकरदार तारणदार ठरतो. उरते गावठाणातले घर, तर त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, बँकेला पुरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातील घरांच्या मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. जेथे त्या मिळाल्या आहेत, तेथे बँकांनी त्या तारणासाठी स्वीकारल्या तर पुष्कळ कुटुंबांना खासगी वित्तसंस्थांच्या महागड्या व्याजाकडे जावे लागणार नाही.

सल्लागार कचेऱ्यांविषयी दोनच वाक्ये. काही प्रामाणिक आहेत. पण ज्यांना परदेशी संस्थेकडून प्रवेशामागे दलाली मिळते, ते विद्यार्थ्याला त्याच्या योग्यतेच्या विद्यापीठाकडे न पाठवता दलाली देणाऱ्याकडे पाठवतात, आणि ‘आमची फी काहीच नाही’ या पाटीचा अर्थ पालकांनी तसा घ्यावा.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती बसते. तिच्या पुढील बैठकीत मिळकत पत्रिकेवरील शैक्षणिक कर्ज हा विषय घ्यावा, आणि मराठवाड्यातील कुलगुरूंनी ट्रान्सक्रिप्टची मुदत व पाकिटावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम येत्या सप्टेंबरपूर्वी, म्हणजे अर्जांचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, जाहीर करावे, अशी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
परभणी