सुरवंटाला पंख नसतात, मंत्रिमहोदय

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी ग्रेट निकोबारची. वडील फौजेतले, मूळ साताऱ्याकडचे. 1969 पासून सरकारने महाराष्ट्र, पंजाब, केरळ अशा राज्यांतले माजी सैनिक कॅम्पबेल बेच्या आसपास वसवले, त्यांतलं आमचं एक घर.

परवा एका बैठकीत मी, बंदर-विमानतळाच्या प्रकल्पासाठी इथलं जंगल तोडलं तर इथल्या क्लबटेल फुलपाखराचं काय होणार, असं विचारलं. "त्याला पंख आहेत बाई, जाईल उडून दुसरीकडे," असं एक अधिकारी म्हणाले आणि सगळे हसले. म्हणून हे पत्र.

साहेब, सुरवंटाला पंख नसतात. पुच्छ कुळातलं हे काळं फुलपाखरू, शेपटीचं टोक गदेसारखं. त्याची निकोबारी उपजात कीटकशास्त्रज्ञ विल्यम डोहर्टी यांनी 1886 मध्ये नोंदवली. मादी दिसेल त्या पानावर अंडी घालत नाही. तिला लागतात आपल्या सापसण वेलीच्या कुळातल्या वनस्पती, त्याही जंगलाच्या सावलीतल्या. सुरवंट त्यांतलं विष अंगात साठवतो, ते पंख फुटल्यावरही राहतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. वरची झाडं पाडली, ऊन जमिनीवर आलं, की त्या पानांचं काय उरणार? आणि उडून जायचं कुठे? चहूकडे समुद्र आहे!

तुमच्या मंत्रालयाने 2022 मध्ये 130 चौरस किलोमीटर जंगलाला हात लावायची मुभा दिली. झाडं आधी साडेआठ लाख होती, मग संसदेत 9.64 लाख झाली, आता कुणी कोटीही म्हणतं. तोडणाऱ्याला मोजता येऊ नयेत? आणि भरपाईची लागवड हरियाणात! सदाहरित बेटाची भरपाई अरवलीच्या कोरड्या टेकड्यांत! सुरवंट काय पोस्टाने पाठवणार आहात?

आम्हाला भरपाई शिकवू नका. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत आमची नारळाची बाग समुद्राने नेली. बेटाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली. आई पत्र्याच्या निवाऱ्यात भाजून निघाली. वडील जमिनीचे कागद छातीशी धरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, आणि फिरता फिरताच गेले. तेव्हा बेट फार दूर होतं म्हणे, बोट नव्हती, माणूस नव्हता. आज बंदर, विमानतळ आणि साडेतीन लाखांच्या वस्तीसाठी तेच बेट एकदम जवळ आलं. 2011 च्या जनगणनेत आम्ही जेमतेम आठ हजार होतो.

बंदर जिथे व्हायचं, त्या गॅलेथिया बेचा अभयारण्याचा दर्जा जानेवारी 2021 मध्ये काढून घेतला. आदिवासी परिषदेने नोव्हेंबर 2022 मध्ये प्रकल्पाला दिलेली ना-हरकत परत घेतली, तरी फाइल थांबली नाही. संमती दिली की ती कायमची, मागे घेतली की नुसता कागद. माळरान असो, खारफुटी असो, शेतकऱ्याचा बांध असो, सरकारला हवं ते सगळं एका रात्रीत ओसाड ठरतं. जनसुनावणीला आम्ही बोलतो ते इतिवृत्तात कुणासाठी लिहिता?

पहिल्या झाडाला करवत लागण्याआधी या फुलपाखराच्या खाद्यवनस्पती कुठे किती आहेत याची पाहणी करा, नकाशा मराठी-हिंदी-निकोबारीत जाहीर करा आणि ती जंगलं आराखड्यातून वगळा. उत्तर लेखी हवं, सहीनिशी.

कॅम्पबेल बेच्या एका माजी सैनिकाची मुलगी